न सुटलेल्या खुनाच्या केसवर घरबसल्या काम करायचंय? मग आधी संशयिताचं नाव बाजूला ठेवा

बऱ्याच जणांचं असं होतं की रात्री सहज एखादी जुनी केस वाचायला घेतली, खून झालाय, खुनी कधी सापडलाच नाही, आणि दोन तासांत डोक्यात नाव पक्कं. नवऱ्यानेच केलंय. नाहीतर तो शेजारी, त्याचा फोटो बघा ना, डोळेच सांगतात. मग पुढचे सहा महिने माणूस जे काही वाचतो ते त्या नावाला चिकटवत बसतो. मी गेली बारा वर्षं हा नाद करतेय आणि मीही हेच केलंय म्हणून हे सगळं लिहायला बसलेय.

आमचा चौघांचा ग्रुप होता. एका जुन्या केसमधे आम्ही पाच महिने एका माणसाच्या मागे होतो, कारण दोन वेगवेगळ्या पुस्तकांत लिहिलं होतं की त्याने पोलिसांना आधी एक वेळ सांगितली आणि नंतर दुसरीच. खोटं बोलला म्हणजे काहीतरी लपवतोय, बरोबर? नंतर मी खुनाच्या आठवड्याची मूळ वर्तमानपत्रं मिळवून एकेक पान वाचलं, तर ती दुसरी वेळ त्याची नव्हतीच, त्याच आडनावाच्या दुसऱ्या साक्षीदाराची होती. एका बातमीदाराने गल्लत केली, पहिल्या लेखकाने ती उचलली, दुसऱ्याने पहिल्याची उचलली. आणि तो माणूस जिवंत होता, नातवंडं असलेला म्हातारा. आम्ही त्याचं नाव कुठे जाहीर लिहिलं नव्हतं एवढंच नशीब, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी हे आपण किती सहज म्हणतो, इथे दोर आमच्या हातात होता.

तर आता मी केस कशी हाताळते ते सांगते.

केस कुठली घ्यायची

जुनी घ्या. निदान वीस-तीस वर्षं जुनी, कागद बाहेर आलेले, शक्य असेल तर कुठल्यातरी कोर्टाचं निकालपत्र उपलब्ध असलेली. गेल्या महिन्यात झालेल्या खुनाला हात लावू नका, खटला चालू असेल तर अजिबातच नको. कारण साधं आहे, ताज्या केसमधे पोलिसांना जे माहीत असतं त्यातलं फारच थोडं बाहेर आलेलं असतं आणि जे बाहेर येतं त्यातलं बरंच चुकीचं असतं. 2013 च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटानंतर हजारो लोक गर्दीचे फोटो झूम करून बघत बसले होते आणि त्यातून एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव पुढे आलं, त्याच्या घरच्यांना शिव्या, धमक्या, रात्रभर फोन. त्याचा स्फोटाशी काहीच संबंध नव्हता. तो मुलगा आधीच मरण पावलेला होता, मृतदेह काही दिवसांनी सापडला. आपलं पोर हरवलंय म्हणून आधीच अर्धमेल्या झालेल्या आईबापांना जगाने त्या रात्री काय काय ऐकवलं याचा विचार केला की मला आजही कसंतरी होतं. हे करणारे दुष्ट नव्हते, सगळे मदतच करत होते.

कागद कुठल्या क्रमाने वाचायचे

आपण करतो उलटं. आधी पॉडकास्ट ऐकतो, मग डॉक्युमेंटरी बघतो, मग पुस्तक, आणि मूळ कागदापर्यंत बहुतेक लोक पोचतच नाहीत. पण पॉडकास्टवाल्याने गोष्ट आधीच रचलेली असते, कुणाबद्दल संशय कुठे येऊ द्यायचा ते ठरवलेलं असतं, संगीतसुद्धा त्या हिशोबाने टाकलेलं असतं, एकदा ते कानात बसलं की नंतर कागद कोऱ्या डोळ्यांनी वाचताच येत नाही.

मी सगळ्यात आधी अपिलाचं निकालपत्र असेल तर ते वाचते, कारण त्यात दोन्ही बाजूंचं म्हणणं असतं आणि कुठला पुरावा का मानला, का नाही मानला हे न्यायाधीशाला लिहावंच लागतं. मग शवविच्छेदनाचा किंवा चौकशीचा जो भाग जाहीर असेल तो. मग पहिल्या आठवड्यातली वर्तमानपत्रं, निदान तीन वेगवेगळी. या बातम्यांत नावं, वयं, पत्ते हमखास चुकलेले असतात पण बारीकसारीक तपशील, म्हणजे दिवा चालू होता का, कुत्रं भुंकलं का, पाऊस कधी थांबला, हे तिथेच सापडतं, नंतरच्या पुस्तकांतून ते गळून जातं. पुस्तकं आणि पॉडकास्ट सगळ्यात शेवटी, आणि तेही मुख्यतः त्यांच्या चुका शोधायला.

आणि सरकारी कागद म्हणजे ब्रह्मवाक्य असंही नाही हां. लंडनच्या जॅक द रिपर या कधीच न सापडलेल्या खुन्याच्या केसमधे मेलविल मॅकनॉटन या स्कॉटलंड यार्डच्या मोठ्या अधिकाऱ्याने 1894 मधे एक टिपण लिहिलं, त्यात तीन संशयितांची नावं आहेत आणि गेली शंभर वर्षं लोक त्यावर इमले बांधतायत. पण हा माणूस पोलिसात आला 1889 मधे, खून 1888 चे. त्या तिघांतल्या ड्रुइटला त्याने डॉक्टर म्हटलंय, वय साधारण 41 लिहिलंय, प्रत्यक्षात तो 31 वर्षांचा बॅरिस्टर होता आणि शाळेत शिकवायचा. आणि तिसरा जो ऑस्ट्रॉग, तो खून होत होते तेव्हा फ्रान्समधे तुरुंगात होता हे कितीतरी दशकांनी कुणीतरी तिथले कागद उघडून बघितल्यावर कळलं. म्हणून प्रत्येक कागदावर मी पेन्सिलीने तीन प्रश्न लिहिते. हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि त्याने स्वतः बघितलं की ऐकलं? ध चा मा व्हायला कुणाचा वाईट हेतू असावाच लागतो असं नाही, दोनदा नक्कल झाली की पुरतं.

टाइमलाइन, इथेच खरं काम

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण नव्वद टक्के लोक हे करतच नाहीत आणि सगळा अभ्यास यावर उभा राहतो.

एक्सेल उघडा नाहीतर मोठी वही घ्या. प्रत्येक ओळीत एकच घटना. रकाने असे करा, वेळ, काय झालं, कुणी सांगितलं, त्याने ते कधी सांगितलं म्हणजे त्याच दिवशी की दहा वर्षांनी मुलाखतीत, स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, ही वेळ किती मिनिटं मागेपुढे सरकू शकते. हा शेवटचा रकाना लोक टाकत नाहीत आणि मग भांडत बसतात की 9:40 ला तो तिथे असणं अशक्य आहे. अहो पण 9:40 आलं कुठून? एका बाईने सांगितलं की "पावणेदहाच्या आसपास" आणि तिच्याकडे घड्याळ नव्हतं.

वेळा तीन जातीच्या असतात असं मी धरते. पहिली म्हणजे यंत्राने नोंदवलेली, तिकीट, पावती, फोनचा रेकॉर्ड, अँब्युलन्सला आलेला कॉल. दुसरी, कशाला तरी बांधलेली वेळ, म्हणजे "रेडिओवर बातम्या सुरू झाल्या तेव्हा" किंवा "शेवटची गाडी नुकतीच गेली होती". बातम्या किती वाजता लागायच्या हे वेगळं तपासता येतं म्हणून ही वेळ चांगली. आणि तिसरी, तरंगती वेळ, साडेनऊच्या सुमारास, अंधार पडल्यावर, जेवण झाल्यावर. माणसं वेळ गोल करून सांगतात, साडे, पावणे, सव्वा. कुणी साडेनऊ म्हणालं की मी वीस मिनिटं इकडे वीस मिनिटं तिकडे धरते. अंधार पडल्यावर म्हणालं तर त्या तारखेला त्या गावात सूर्य कधी मावळला ते काढता येतं, चंद्र किती होता तेही काढता येतं, आणि हे काढल्यावर कधीकधी एखादा "मी त्याचा चेहरा स्पष्ट पाहिला" वाला साक्षीदार एकदम कच्चा वाटायला लागतो.

यंत्राची वेळ पण डोळे झाकून घेऊ नका. सीसीटीव्हीचं घड्याळ कितीतरी वेळा चुकलेलं असतं, दहा मिनिटं, कधी पूर्ण एक तास, विशेषतः ज्या देशात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात तिथे. दोन कॅमेऱ्यांत एकच गाडी, एकच बस दिसत असेल तर त्यावरून दोन्हीतला फरक काढा आणि मगच वेळ लिहा.

सगळं भरून झालं की रंग द्या. यंत्राची वेळ हिरवी, बांधलेली पिवळी, तरंगती लाल. मग लांब बसून फक्त बघा. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा मला धक्काच बसला होता, आम्ही ज्या अर्ध्या तासावर महिनोन्महिने वाद घातला होता तो सगळा लाल होता, आणि खऱ्या अर्थाने रिकामा, काहीच माहिती नसलेला भाग त्याच्या दोन तास आधीचा होता. तिकडे कुणी बघितलंच नव्हतं.

मग अंतरं. नकाशावर चालत किती वेळ, गाडीने किती वेळ, पण आजचा नकाशा नाही, त्या वर्षीचा. पूल नंतर झाला असेल, रस्ता तेव्हा दुसरीकडून जात असेल. जुने नकाशे बऱ्याच मोठ्या लायब्रऱ्यांनी ऑनलाइन टाकलेत. प्रत्यक्ष जागेवर जाऊन घड्याळ लावून चालायची हौस आवरा, तिथे आता कुणाचं तरी घर आहे, लहान मुलं राहतात, त्यांना तुमचा मोबाइल खिडकीसमोर नकोय.

डॉक्टर आणि लॅब काय सांगू शकतात

मृत्यूची वेळ ही कधीही एक वेळ नसते, पट्टा असतो. शरीर ताठ होणं साधारण दोन ते चार तासांत जबड्यापासून जाणवायला लागतं, बारा तासांच्या आसपास पूर्ण होतं आणि मग पुढच्या दीड-दोन दिवसांत उतरत जातं, पण हे सगळं उष्णतेत भराभर होतं आणि थंडीत रेंगाळतं. शरीर गार होण्यावरून काढलेली वेळ कपडे, वजन, खोलीचं तापमान, पंखा यावर हलते. पोटातल्या अन्नावरून काढलेली तर आणखी कच्ची, भीतीने, मारहाणीने पचन थांबू शकतं. म्हणून रिपोर्टमधे "10 ते 12" लिहिलं असेल तर 11 धरून सगळी थिअरी बांधू नका, आणि 12:20 ला दुसरीकडे असल्याचा पुरावा, म्हणजे अॅलिबाय, नाही म्हणून कुणाला आत टाकू नका किंवा 11:30 ला आहे म्हणून सोडूही नका. त्यापेक्षा रक्त साकळून जे डाग पडतात त्यांच्याकडे बघा, साधारण आठ ते बारा तासांत ते पक्के होतात, आणि ते पाठीवर असून शरीर पालथं सापडलं असेल तर नंतर कुणीतरी हलवलंय हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं.

डीएनएबद्दल मात्र लोकांची श्रद्धाच असते. त्यांनी हाइलब्रॉनची गोष्ट ऐकायलाच हवी. 2007 मधे जर्मनीतल्या या शहरात एका तरुण पोलीस बाईचा खून झाला, तिथे एका अनोळखी स्त्रीचा डीएनए मिळाला, आणि तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या चाळीसएक गुन्ह्यांच्या जागी मिळालेला होता, खून, घरफोड्या, काहीही. या बाईच्या मागे पोलीस कितीतरी काळ लागले होते, तीन लाख युरोचं बक्षीस लावलं. 2009 मधे कळलं की अशी खुनी बाई अस्तित्वातच नाही, नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्यांवर त्या पॅक करणाऱ्या एका कामगार बाईचा डीएनए होता. काड्या निर्जंतुक होत्या, पण निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे. आणि त्या पोलीस बाईचं पिस्तूल 2011 मधे एका निओ-नाझी टोळीकडे सापडलं. लोकांनी तोपर्यंत त्या भूत बाईचं मानसशास्त्रसुद्धा रंगवलं होतं.

तर डीएनए सापडला म्हणजे तो माणूस कधीतरी, कुठल्यातरी मार्गाने, कदाचित दुसऱ्या कुणाच्या हातावरून त्या वस्तूपर्यंत पोचला. कधी आणि का हे डीएनए सांगत नाही. मोबाइल टॉवरचंही तसंच, शहरात काहीशे मीटरचा परिसर, मोकळ्या भागात कित्येक किलोमीटर, आणि फोन नेहमी सगळ्यात जवळचाच टॉवर पकडतो असंही नाही.

जुळतंय म्हणजे किती जुळतंय

इथे थोडं गणित आहे पण सोडून जाऊ नका.

समजा साक्षीदाराने सांगितलं खुनी पुरुष होता, 25 ते 40 वयाचा, डावखुरा, निळ्या गाडीतून गेला. तुम्हाला एक माणूस सापडला ज्याला हे चारही लागू. अंगावर काटा येतो ना? आता मोजा. 20 लाखांचं शहर, अर्धे पुरुष म्हणजे 10 लाख, त्यातले त्या वयाचे समजा पाव, अडीच लाख. डावखुरे दहात एक, पंचवीस हजार. निळी गाडी वीसात एकाकडे धरली तरी साडेबाराशे माणसं. तुम्हाला सापडलेला माणूस त्या साडेबाराशेंपैकी एक आहे आणि तुम्हाला तो सापडला कारण तुम्ही त्यालाच शोधत होतात. बाकीचे बाराशे एकोणपन्नास कुठे आहेत त्यांची यादी कुणी केलीय?

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते हे आपल्याला माहीत असतं, पण आपल्या लाडक्या संशयिताच्या बाबतीत आपण ते विसरतो. खुनानंतर दोन महिन्यांनी तो गाव सोडून गेला? त्या वर्षी आणखी किती जण गेले ते बघा. तो अंत्ययात्रेत रडला नाही? तो जास्त रडला? दोन्ही गोष्टी लोकांनी पुरावा म्हणून वापरलेल्या मी वाचल्यात, कधीकधी एकाच माणसाबद्दल.

"विचित्र वागला" हा पुरावा नाही

हे मी मोठ्याने सांगतेय. ब्रिस्टलमधे डिसेंबर 2010 मधे जोआना येट्स या तरुणीचा खून झाला. तिचे घरमालक ख्रिस्तोफर जेफरीज, निवृत्त शिक्षक, एकटे राहणारे, डोक्यावरचे केस जरा अस्ताव्यस्त. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं आणि वर्तमानपत्रांनी त्यांच्या केसांपासून कवितांच्या आवडीपर्यंत सगळ्याला खुनी ठरवलं. खुनी निघाला शेजारच्याच फ्लॅटमधला एक साधासुधा दिसणारा इंजिनिअर. 2011 मधे आठ वर्तमानपत्रांना जेफरीजना भरपाई द्यावी लागली आणि त्यातल्या दोघांना कोर्टाच्या अवमानाबद्दल दंडही झाला.

लंडनमधल्या विंबल्डन कॉमन या मोकळ्या माळावरचा रेचल निकेलचा 1992 चा खून तर याहून वाईट. कॉलिन स्टॅग हा एकलकोंडा माणूस पोलिसांच्या कल्पनेतल्या खुन्याशी जुळत होता, म्हणून एका महिला पोलिसाला प्रेमाचं नाटक करायला लावून त्याच्याकडून कबुली काढायचा प्रयत्न झाला. त्याने कबूल काहीच केलं नाही. 1994 मधे न्यायाधीशाने केस फेकून दिली, पण लोकांनी त्याला सोडलं नाही, पुढची चौदा वर्षं तो रस्त्यावर "सुटलेला खुनी" म्हणून वावरला. 2008 मधे रॉबर्ट नॅपरने गुन्हा कबूल केला, आणि मधल्या काळात, 1993 मधे, त्याच नॅपरने आणखी एका आईचा आणि तिच्या चिमुकलीचा जीव घेतला होता. चुकीच्या माणसाच्या मागे लागल्याची किंमत फक्त तो माणूस देत नाही.

आणि जो गायब तोच दोषी, हे तर इतकं स्वाभाविक वाटतं की विचारू नका. नोएडात मे 2008 मधे आरुषीचा मृतदेह सापडला तेव्हा घरचा नोकर हेमराज जागेवर नव्हता, मग काय, तोच खुनी, त्याच्यावर बक्षीस जाहीर झालं, शोध सुरू झाला. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवर त्याचाच मृतदेह सापडला. एक अख्खा दिवस त्या मेलेल्या माणसाला देशाने खुनी म्हटलं, आणि पुरावा जिथे होता तिथला दरवाजा बंदच राहिला. पुढे आईवडलांना 2013 मधे शिक्षा झाली आणि 2017 मधे अलाहाबाद हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. केस आजही तिथेच आहे.

म्हणून माझ्या फायलीत कुणाचंही खरं नाव नसतं. क, ख, ग. याचा फायदा फक्त कायद्याचा नाही, डोकं पण शांत राहतं, "ख" चा फोटो डोळ्यासमोर येत नाही. प्रत्येकासाठी दोन पानं, डावीकडे त्याच्या बाजूने काय, उजवीकडे विरोधात काय, आणि वर एक वाक्य आधीच लिहून ठेवायचं की अमुक गोष्ट सापडली तर मी हा संशयित सोडून देईन. हे वाक्य लिहिता येत नसेल तर ती थिअरी नाही, सुतावरून स्वर्ग आहे. ग्रुप असेल तर दर वेळी एकाने बचावाचा वकील व्हायचं, आळीपाळीने, आणि त्याने मनापासून भांडायचं. आमच्यात हे सुरू केल्यावर पहिल्या तीन बैठकीतच पाचातले तीन संशयित गळाले.

खोटी पत्रं, खोट्या कबुल्या

थोडक्यात सांगते. गाजलेल्या खुनात खोटे लोक येतातच. स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्या 1986 च्या खुनाची कबुली शंभराहून जास्त लोकांनी दिलीय. "जॅक द रिपर" हे नावच ज्या पत्रातून आलं ते एखाद्या पत्रकाराने लिहिलेलं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि इंग्लंडमधल्या यॉर्कशायर रिपर या खुन्याच्या तपासात 1978-79 मधे तीन पत्रं आणि एक टेप आली, बोलणाऱ्याचा हेल संडरलँडकडचा, पोलिसांनी मान्य केलं की हाच तो, आणि ज्यांचा हेल तसा नाही ते सगळे यादीतून बाद व्हायला लागले. खरा खुनी पीटर सटक्लिफ याची पोलिसांनी नऊ वेळा चौकशी केली होती. टेपनंतर त्याने आणखी तीन बायकांना मारलं. टेप करणारा लबाड माणूस 2005 मधे पाकिटाच्या डिंकावरच्या डीएनएवरून पकडला गेला.

म्हणून खुन्याकडून आलंय म्हणतात असं काहीही असलं की बघायचं, यात असं काय आहे जे पेपरात छापून आलं नव्हतं? काही नसेल तर ते टाइमलाइनमधे घेऊच नका.

मग आपला उपयोग कुठे

आहे, आणि खूप आहे, पण खुनी ओळखण्यात क्वचित. कॅलिफोर्नियातल्या गोल्डन स्टेट किलर या खुन्यावर हौशी लोकांनी वर्षानुवर्षं ढिगाने याद्या केल्या, 2018 मधे जोसेफ डीअँजेलो पकडला गेला तेव्हा हे नाव तपास अधिकाऱ्यांच्या रडारवरसुद्धा नव्हतं. तो सापडला वंशावळीतून, दूरच्या नातेवाइकांचा डीएनए एका खुल्या वंशावळ वेबसाइटवर होता, तिथून झाड वर चढत आणि खाली उतरत.

आपलं खरं क्षेत्र म्हणजे ओळख न पटलेले मृतदेह. टॉड मॅथ्यूज नावाच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका साध्या माणसाने 1968 मधे केंटकीत सापडलेल्या एका अनोळखी तरुणीचा ध्यास घेतला, पोलिसांनी तिला "टेंट गर्ल" म्हणून पुरलं होतं. 1998 मधे त्याला इंटरनेटवर हरवलेल्या बहिणीबद्दलची एक नोंद दिसली, वर्णन जुळलं, डीएनएने शिक्कामोर्तब झालं, आणि तीस वर्षांनी त्या थडग्यावर बार्बरा हे नाव आलं. मला हे कुठल्याही खुनी पकडण्यापेक्षा कमी वाटत नाही. तिथे कुणावर आरोप करावा लागत नाही, दोन याद्या घ्यायच्या, हरवलेल्यांची आणि सापडलेल्यांची, आणि उंची, दातांचं काम, जुनी मोडलेली हाडं, शस्त्रक्रियेच्या खुणा चिकाटीने जुळवायच्या. उंचीत चारपाच सेंटीमीटरचा आणि वयात दहा वर्षांचा फरक माफ करायचा, पण दात जुळत नसतील तर हट्ट सोडायचा.

तसंच सांकेतिक लिपी. झोडिअॅक या अमेरिकेतल्या न सापडलेल्या खुन्याने नोव्हेंबर 1969 मधे पाठवलेला 340 चिन्हांचा मजकूर 51 वर्षं कुणाला सुटला नाही, डिसेंबर 2020 मधे अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियममधल्या तीन हौशी लोकांनी तो सोडवला आणि एफबीआयने मान्य केलं. त्यात नाव नव्हतं. तरीही त्या मजकुरावर बेतलेल्या कितीतरी खोट्या उकली त्या दिवशी कचऱ्यात गेल्या, म्हणजे खोट्या उकलीत ज्या निष्पाप माणसांची नावं काढली होती तीही.

आणि जुनी वर्तमानपत्रं वाचून टंकून ठेवणं, फोटोतली जागा ओळखणं, परदेशी भाषेतला जबाब नीट भाषांतर करणं, हे कंटाळवाणं वाटतं पण तपास अधिकाऱ्याला यासाठी वेळ नसतो.

काही सापडलंच तर

समजा खरंच काहीतरी हाती लागलं. सगळ्यात आधी आठ दिवस गप्प बसा आणि मग पुन्हा वाचा, निम्म्या वेळा तुमची तुम्हालाच चूक सापडते. तरी टिकलं तर ज्या पोलिसांकडे ती केस आहे त्यांच्या जुन्या केसच्या विभागाला किंवा अधिकृत टिप लाइनला कळवा, दुसऱ्या कुणाला नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याला तर नाहीच. मृताच्या घरच्यांनाही नाही, त्यांना दर वर्षी असे किती मेसेज येत असतील, प्रत्येक वेळी आशा लावून पुन्हा सगळं पहिल्यापासून, ते त्यांनी किती वेळा सहन करायचं. त्यांनी स्वतःहून कुठे मदत मागितली असेल तर गोष्ट वेगळी.

पत्र एका पानाचं. पहिल्या दोन ओळीत नेमकं काय सापडलं. मग ते कुठल्या कागदात, कुठल्या तारखेच्या, कुठल्या पानावर, म्हणजे वाचणाऱ्याला पाच मिनिटांत तपासता येईल. मग ते याआधी फायलीत असू शकतं का याबद्दल तुमचा प्रामाणिक अंदाज. आणि शेवटी ते कशामुळे चुकीचं ठरू शकतं तेही लिहा, हे लिहिलेलं पत्र अधिकारी गंभीरपणे घेतो असा माझा अनुभव आहे. "खुनी अमुकच" हे वाक्य लिहू नका, तुम्ही वस्तुस्थिती द्या, निष्कर्ष त्यांचा. कागदाचे फोटो जोडा, सत्तर पानी थिअरी जोडू नका.

उत्तर बहुतेक येणार नाही. मी आजवर पाच पत्रं पाठवलीत, एकाचं उत्तर आलं, दोन ओळींचं, मिळालं, नोंद घेतली. ते मी फायलीत पहिल्या पानावर लावलंय, आणि त्या केसचा लाल रंगातला तास अजून भरलेला नाही म्हणून या रविवारी पुन्हा त्या वर्षीची वर्तमानपत्रं उघडणार आहे, संध्याकाळच्या आवृत्त्या वाचायच्या राहिल्यात.